माजाची किंमत हिवाळ्यात चुकती होते

डोंगरी मेंढे आणि रानबोकड म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती शिंगांची टक्कर. टकरीत नर दगावतातही, पण माजाची मोठी किंमत त्यानंतर, बर्फात वसूल होते. किती चुकवायची, हे नराने कोणता मार्ग धरला यावरही ठरतं.

आल्प्समधल्या शॅमॉय या बकरीच्या कुळातल्या डोंगरी प्राण्याचे काही नर उन्हाळ्यापासूनच उताराचा एक तुकडा धरून बसतात. शिंगांमागच्या ग्रंथी झुडपांवर घासून हद्द आखतात. दुसरा नर दिसला की पाठीवरचे लांब केस ताठ करून त्याच्यापुढे आडवे चालतात. तेवढ्याने भागलं नाही, तर त्याला उतारावरून थेट खाली पिटाळतात. बाकीचे नर हद्दीच्या फंदात पडत नाहीत. नोव्हेंबरात माद्या माजावर आल्या की तेव्हाच काय ते बघतात. इटलीतल्या ग्रान पारादीझो राष्ट्रीय उद्यानात दोन्ही प्रकारच्या नरांच्या लेंड्या तपासल्या गेल्या. माजाच्या काळात हद्दवाल्यांच्या लेंड्यांत नर-संप्रेरकांचे आणि ताणाच्या संप्रेरकांचे अंश जास्त निघाले, शिवाय फुप्फुसातल्या जंतांच्या अळ्याही.

त्यात या दिवसांत नर धड चरत नाहीत. शरदात मादीपेक्षा तीस-चाळीस टक्के जड असलेला शॅमॉय नर वसंतात जेमतेम तिच्या वजनाचा उरतो. चरबी गेली, अंगात जंत, आणि पुढे कित्येक महिने बर्फ.

मग हद्द न धरणारे सुखात असतात का? तसंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या बिगहॉर्नमध्ये थोराड मेंढा माजावरच्या मेंढीची राखण करतो आणि दुय्यम मेंढे तो पहारा फोडून घुसतात. जवळपास चाळीस टक्के कोकरं या घुसखोरांची असतात, म्हणून त्यांना कमी लेखणं मला पटत नाही. पण ही धावपळ कड्यांवर चालते. एक पाय घसरला तरी खेळ संपला.

माजच नसता तर? स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवर सोए जातीच्या रानमेंढ्या आहेत. तिथे खच्ची केलेले मेंढे इतर मेंढ्यांपेक्षा कितीतरी जास्त जगले.

आल्प्समधला आयबेक्स हा रानबोकड दमाने घेतो. त्याचा माज ऐन डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि मादीची राखण वयस्क, मोठ्या शिंगांचे बोकडच करतात. तरुण बोकड अधूनमधून संधी साधतात, पण अंग भरण्याला अनेक वर्षं देतात. भर वयातले आयबेक्स नर फार कमी मरतात.