फॅन आर्टवरील अभिप्राय

आवडत्या मालिकेतील, कॉमिकमधील किंवा व्हिडिओ गेममधील पात्रांची हौसेने डिजिटल चित्रे काढायची, ती त्याच कलाकृतीच्या इतर चाहत्यांपुढे ठेवायची आणि त्यांचे मत घ्यायचे, अशी ही प्रथा. चित्र काढणारा बहुधा कलाशाळेत शिकलेला नसतो आणि मत देणाराही समीक्षक नसतो. पण चित्रातले पात्र दोघांनाही तोंडपाठ असते. फॅन आर्टवरचा अभिप्राय इतर चित्रांवरच्या अभिप्रायापेक्षा वेगळा होतो तो या ओळखीमुळे.

चाहत्यांनी चित्रे काढून आपसांत वाटणे हे संगणकापेक्षा जुने आहे. विज्ञानकथांच्या चाहत्यांची घरगुती नियतकालिके १९३० पासून निघू लागली. पुढे अशा हौशी चित्रकारांसाठी विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत १९६७ मध्ये स्वतंत्र विभागही सुरू झाला. जपानमध्ये डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत ‘कॉमिक मार्केट’ हा चाहत्यांच्या स्वप्रकाशित कॉमिकांचा मेळा पहिल्यांदा भरला, तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० लोक जमले होते; आज तिथे लाखोंची गर्दी होते. नियतकालिकांच्या काळात चित्रावरचे मत टपालाने यायचे किंवा पुढच्या अंकात छापून यायचे, आणि तोवर चित्रकार दुसऱ्याच चित्रात गुंतलेला असायचा. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, हळूहळू पेन टॅब्लेट (पेनने काढलेली रेघ संगणकात उतरवणारी पाटी) हौशी माणसाच्या आवाक्यात आले आणि एल्फवुड (१९९६), डेव्हियंटआर्ट (२०००), पिक्सिव्ह (२००७) अशी चित्रे ठेवण्याची ठिकाणे उभी राहिली. जपानी ‘ओएकाकी’ फलकांवर तर चित्र ब्राउझरमध्येच काढता यायचे, आणि त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याने चित्रच काढलेले असायचे. खरा बदल वेगाचा झाला. चित्र अर्धे असतानाच मत मिळू लागले.

चाहत्याची नजर बारीक असते, पण सगळीकडे सारखी नसते. व्रण कुठल्या गालावर आहे, पट्ट्याला बकले किती, कुठल्या प्रसंगानंतर केस कापले, हे त्याला चटकन दिसते. व्रण चुकीच्या बाजूला गेल्याची तक्रार तर नेहमीची, आणि तिचे कारण बरेचदा अज्ञान नसते. चेहऱ्यातला तिरकसपणा कळावा म्हणून चित्रकार काढता काढता चित्र आरशात दिसावे तसे डावे-उजवे उलटवून पाहतात. शेवटी ते सरळ करायचे राहून जाते. पण हीच नजर मान खांद्यांवर नीट बसलेली नसली तरी कुरकुरत नाही, अवघड वाटलेले हात पाठीमागे लपवले तरी विचारत नाही. पात्र ओळखू येते ते केसांच्या आकारावरून, पोशाखावरून, दोन-तीन ठरलेल्या रंगांवरून. चेहऱ्याची उणीव पाहणारा आठवणीतून भरून काढतो. म्हणून ‘अगदी हुबेहूब!’ या शाबासकीचा अर्थ पुष्कळदा ‘ओळखलं!’ एवढाच असतो. केसांचा रंग आणि पोशाख काढून नुसता चेहरा दाखवावा, किंवा ते पात्र अजिबात ठाऊक नसलेल्या माणसाला चित्र दाखवावे, हे त्यावरचे जुने आणि थोडे निर्दय उपाय.

डिजिटल चित्रात मत शब्दांत देण्यापेक्षा रेघेने देता येते, आणि या प्रथेतले सर्वांत उपयोगी साधन तेच आहे. डिजिटल चित्र लेयरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांत असते; मूळ चित्राच्या लेयरची ओपॅसिटी कमी करून तो फिका करायचा, वर नवा लेयर घ्यायचा आणि लाल रेघेने दुरुस्ती दाखवायची, याला ‘रेडलाइन’ म्हणतात. खांद्यांचा आणि कमरेचा कल एकमेकांशी कसा जुळतो, उभ्या माणसाचा तोल पायांवर पडतो की तो प्रत्यक्षात आडवा होईल, कोपर कमरेच्या किती वर यायला हवे, हे परिच्छेदभर लिहूनही समजत नाही. चार लाल रेघांत समजते. नवख्यांच्या चित्रांत डोळे हमखास वर सरकलेले असतात. प्रत्यक्षात ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण कपाळ आणि टाळूला जागा सोडायची राहते. ‘पेंटओव्हर’मध्ये दुरुस्ती करणारा याच्याही पुढे जाऊन रंग आणि उजेड नव्याने रंगवून दाखवतो. त्यातून शिकायला मिळते, पण चित्र दुसऱ्याचे होऊन परत येण्याचा धोकाही असतो. त्यामुळे कुणाच्याही चित्रावर हात चालवण्याआधी विचारावे आणि दुरुस्त केलेली प्रत परस्पर सगळ्यांना दाखवू नये, असा संकेत आहे.

दुरुस्तीला सर्वांत कडवे उत्तर येते ते ‘ही माझी शैली आहे’ हे. कधी ते खरेही असते. शैलीबद्ध चित्रात डोळे अर्धा चेहरा व्यापू शकतात. पण शैली सगळीकडे सारखी दिसते, आणि जी फक्त अवघड जागीच उगवते तिला शैली म्हणणे कठीण आहे.

मत केव्हा मागितले यावरही बरेच अवलंबून असते. कच्च्या रेखाटनात डोके लहान करायला काही क्षण पुरतात. छाया, पोत, केसांची एकेक बट पूर्ण झाल्यावर तीच सूचना नुसता मनस्ताप देते. म्हणून अर्धवट चित्र ‘वर्क इन प्रोग्रेस’ म्हणून दाखवण्याची पद्धत पडली. प्रश्न कसा विचारला यानेही उत्तर बदलते. ‘कसं वाटलं?’ म्हटले की ‘मस्त!’ येते. ‘तलवारीवरची पकड पटते का? उजेड डावीकडून येतोय असं वाटतं का?’ असे विचारले, वापरलेला संदर्भफोटो सोबत ठेवला, तर लोक थांबून बघतात. उजेडाबद्दलची शंका असेल तर चित्र कृष्णधवल करून पाहायला सांगतात: रंग काढल्यावर पात्र पार्श्वभूमीत विरघळले, तर दोष रंगांचा नसून गडद-फिक्याच्या फरकाचा आहे.

मत नकोच असेल तर तसे सांगण्याचा हक्कही मान्य आहे. बऱ्याच गटांत न मागता दोष काढणे असभ्य समजले जाते. शिकायचे असेल तर कौतुकच ऐकू येणारे गट फारसे कामाचे नाहीत, हे खरे. पण हौसेने काढलेले प्रत्येक चित्र शिकण्यासाठीच असते असे कुणी ठरवले? ‘हा प्रसंग पुन्हा बघावासा वाटला’ असे कुणी म्हटले तर चित्राने आपले काम केले, मग हाताची बोटे कशीही असोत.

लाइकच्या आकड्यांना मात्र अभिप्राय म्हणता येत नाही. लोकप्रिय पात्राचे घाईत काढलेले स्केच नवा भाग आल्याच्या दिवशी टाकले, तर ते विस्मृतीतल्या पात्राच्या मेहनतीच्या चित्राला सहज मागे टाकते. आकडा मूळ कलाकृतीची लोकप्रियता मोजतो. रंगांबद्दलच्या मतांवरही लगेच विश्वास ठेवू नये: फाइल एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगमानकाऐवजी दुसऱ्या कलर प्रोफाइलमध्ये जतन केली असेल, तर इतरांच्या पडद्यावर रंग मळकट किंवा भडक दिसू शकतात, आणि मग चर्चा चित्राची न होता पडद्याची होते.

पात्राचे हक्क मूळ निर्मात्याकडेच राहतात. बहुतेक हक्कधारक हौशी चित्रांकडे काणाडोळा करतात, विक्री सुरू झाली की प्रश्न उभे राहतात. चाहत्यांच्या आपसांतल्या भांडणांत मात्र कायद्यापेक्षा ट्रेसिंग आणि नाव न देता केलेले रिपोस्ट यांचाच वाटा मोठा असतो. सरावासाठी गिरवण्याला कुणाची हरकत नसते. गिरवलेले आपले म्हणून खपवले की माफी नसते.

२०२२ पासून प्रतिमा तयार करणाऱ्या एआय साधनांनी या व्यवहारात संशय आणला. त्या वर्षी डिसेंबरमध्ये आर्टस्टेशन या चित्रे मांडण्याच्या संकेतस्थळावर चित्रकारांनी उघड निषेधही केला. पूर्वी वेडीवाकडी बोटे नवखेपणाची खूण होती. आता त्यांवरून नवख्यावरच यंत्राने चित्र काढल्याचा आरोप होतो, आणि त्याला लेयरचे स्क्रीनशॉट किंवा काढतानाचा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावा लागतो. आपल्या शैलीची नक्कल अशा साधनांना सहज करता येऊ नये म्हणून काहीजण शिकागो विद्यापीठात २०२३ मध्ये तयार झालेले, चित्रात सूक्ष्म बदल करणारे ‘ग्लेझ’ हे सॉफ्टवेअर वापरतात. सपाट रंगांवर त्याची बारीक नक्षी उमटलेली दिसू शकते, त्यामुळे रंगकामावर मत हवे असेल तर ग्लेझ न केलेली प्रत विश्वासातल्या मोजक्या चाहत्यांनाच पाठवणे सोयीचे ठरते.