प्रकाशाचा नियम आणि चौकटीचा नियम

छायाचित्रण शिकवताना हमखास दिला जाणारा एक सल्ला आहे: आधी नियम शिका आणि मग ते मोडा. सल्ला वाईट नाही, पण कोणते नियम मोडता येतात हे त्यात सांगितलेले नसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू केली की पडद्यावर नऊ घरे आखली जातात आणि त्याच पडद्यावर शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) व आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे) यांचे आकडेही दिसू शकतात. रेषा आणि आकडे दोन्ही यंत्रच दाखवत असल्यामुळे दोघांचा अधिकार सारखाच असावा, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात आकड्यांमागे भौतिकशास्त्र आहे, तर रेषांमागे चित्रे पाहणाऱ्यांची जुनी आवड आहे.

आधी आकडे पाहू. वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात भर उन्हात आयएसओ १००, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/१६ (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) आणि शटर १/१२५ सेकंद ठेवले, तर दगडावरचे कोरीव काम साधारण नीट उजळलेले येते. तिथून सभामंडपात शिरल्यावर, समजा, प्रकाश दहा टप्प्यांनी कमी झाला. प्रत्येक टप्प्याला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे दहा टप्प्यांत तो १०२४ पट घटतो. ही तूट कुठून तरी भरून काढावीच लागते. अ‍ॅपर्चर एफ/४ पर्यंत उघडले की १६ पट मिळतात, आयएसओ १६०० केला की आणखी १६ पट, आणि उरलेले ४ पट शटर १/३० वर आणून. हिशेब जुळला, पण तिन्ही ठिकाणी किंमत मोजावी लागली: पुढचा खांब आणि मागची मूर्ती एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत, सावल्यांत कणीदारपणा दिसतो आणि हात जरासा हलला तरी चित्र अस्पष्ट होते. ट्रायपॉड असेल तर शटरकडून जास्त घेता येते, एवढेच. किंमत कोणाकडून वसूल करायची हे छायाचित्रकार ठरवतो. ती माफ करण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. चित्र मुद्दाम अंधारे ठेवणे हीसुद्धा याच हिशेबातली निवड आहे, नियमभंग नव्हे.

आता रेषा. चौकटीचे आडवे-उभे तीन सारखे भाग करणाऱ्या ग्रिडच्या रेषांवर मुख्य विषय ठेवावा, हा तृतीयांशाचा नियम. हे नाव छायाचित्रणाहून जुने आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांविषयी लिहिताना ते वापरले. दृश्यातील जमीन, पाणी, आकाश, उजेड आणि सावली यांच्या वाटण्या निम्म्या-निम्म्या न करता एकास दोन या प्रमाणात कराव्यात, असा त्याचा आग्रह होता. छायाचित्रणाची पॅरिसमधली जाहीर घोषणा त्यानंतर ४२ वर्षांनी, १८३९ मध्ये झाली. म्हणजे जी गोष्ट आज कॅमेऱ्याचा अंगभूत भाग वाटते, ती मुळात एका चित्रकाराची शिफारस होती. ती टिकली, कारण बऱ्याच दृश्यांत उपयोगी पडते. पैठणच्या नाथसागराच्या काठावर क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्ये घेतले, तर पाणी महत्त्वाचे की आकाश, हे पाहणाऱ्याला कळत नाही. ते खाली किंवा वर सरकवले की निवड झालेली दिसते. पण ही निवड एक तृतीयांशावरच थांबली पाहिजे असे नाही. मे महिन्यातले पांढरट, रिकामे आकाश चौकटीच्या दहाव्या हिश्शापुरते ठेवले आणि बाकी सगळी भेगाळलेली जमीन दाखवली, तर चित्र अधिक खरे होते.

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात तर हा नियम पाळल्यानेच चित्र बिघडण्याची शक्यता जास्त. औरंगजेबाच्या पत्नी दिलरास बानो बेगम यांच्या कबरीची ही वास्तू चारबागेच्या मधोमध आहे. प्रवेशद्वारापासूनचा कारंज्यांचा पाट सरळ तिच्याकडे जातो आणि चार मिनार घुमटाला दोन्ही बाजूंनी सारखे तोलतात. बांधणाऱ्यांनी मध्यरेषा इतकी ठासून सांगितलेली असताना घुमट उगाच उजवीकडच्या रेषेवर नेणे म्हणजे केवळ ग्रिडची आज्ञा पाळणे होय. लग्नाच्या समूहचित्रातही नवरा-नवरी मधोमधच उभे राहतात, आणि त्यांना तृतीयांशावर उभे करू पाहणाऱ्या छायाचित्रकाराला वऱ्हाडातले मामा तिथल्या तिथे सरळ करतील.

त्याच समूहचित्रात प्रकाशाचा नियमही भेटतो, आणि त्याच्याशी मामांचेही काही चालत नाही. छोट्या फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पुढची रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या फक्त एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. म्हणून आजी उजळ आणि मागे उभी भावंडे काळपट येतात. फ्लॅश आणखी २ मीटर मागे नेला की अंतरे ४ आणि ६ मीटर होतात आणि मागच्या रांगेला जवळजवळ ४४ टक्के प्रकाश मिळतो. मांडवाबाहेर उन्हात ही अडचण येत नाही, कारण सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि दोन रांगांमधल्या अंतराने त्याला काहीच फरक पडत नाही. तिथे नियम रद्द झालेला नसतो, फक्त त्याचा परिणाम दिसेनासा होतो.

अजिंठ्यातली फ्लॅशबंदी या दोन्हींत बसत नाही. तो व्यवस्थापनाचा आदेश आहे आणि तो पाळायचा असतो.

खरी गफलत होते ती मधल्या जातीच्या नियमांत, जे आकड्यांत सांगितले जातात आणि म्हणून भौतिकशास्त्र वाटतात. शटरच्या अपूर्णांकाचा छेद निदान लेन्सच्या फोकल लेंग्थएवढा (लेन्स दूरचे किती मोठे करून दाखवते ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा) असावा, म्हणजे २०० मिलिमीटरच्या लेन्सला १/२०० सेकंद, हा त्यांतला प्रसिद्ध नियम. तो ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावरील हाताच्या कंपाचा अनुभवातून काढलेला ढोबळ अंदाज आहे. लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा असेल तर स्थिर वस्तूसाठी याहून बराच मंद शटर चालतो. उलट, हिवाळ्यात नाथसागरावर उतरलेले रोहित पक्षी पाण्यातून धावत उड्डाण घेत असतील, तर हात कितीही स्थिर असला तरी १/२०० ला त्यांचे पंख अस्पष्ट येतात, कारण तो अंदाज छायाचित्रकाराच्या हातापुरता होता आणि इथे हलतो आहे पक्षी. अशा वेळी शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवावा आणि कमी पडलेला प्रकाश अ‍ॅपर्चर किंवा आयएसओकडून घ्यावा.