गोळीचा निकाल : कॅथलिक नीतिविचार आणि विज्ञानाच्या भांडणामागची गोष्ट

कॅथलिक नीती म्हणजे नुसती नियमांची यादी असं बाहेरच्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर आतल्याही बऱ्याच जणांना तसंच वाटतं, पण सुरुवात तशी नव्हती. 13व्या शतकात ज्या डॉमिनिकन संघाच्या पंडिताने, म्हणजे थॉमस अक्वायनसने, अॅरिस्टॉटलला चर्चच्या विचारात पक्कं बसवलं त्याने नीतीचा सगळा भाग सद्गुणांभोवती रचला होता. ते माहितीचंच आहे, त्यात शिरत नाही. मामला बदलला तो 1545 ते 1563 चाललेल्या चर्चच्या ट्रेंट परिषदेनंतर. तिथे ठरलं की कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली देताना, गंभीर पापं प्रकार आणि संख्येसकट सांगायची. आता समोर बसलेल्या फादरला हा हिशेब लावता यायला हवा, म्हणून हँडबुकं निघाली आणि मग थेट 1960च्या दशकापर्यंत सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळांत, नीती शिकवायची म्हणजे ही हँडबुकं शिकवायची. माणूस कसा घडतोय हे मागे पडलं, एकेक कृती सुटी काढून तपासायची सवय लागली. ही ‘सुटी काढून’ भानगड ध्यानात ठेवा, गर्भनिरोधक गोळीचा पुढचा सगळा वाद तिच्यावरच अडलाय.

1930च्या ऑगस्टमध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या परंपरेतल्या, बिशपांनी गर्भनिरोधनाला मर्यादित का होईना पण परवानगी दिली. त्याच वर्षी 31 डिसेंबरला पोपचं पत्र आलं, त्यात साफ नाही. तोपर्यंत जपान आणि ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी स्त्रीबीज साधारण कधी सुटतं हे शोधलं होतं, आणि 1951मध्ये पोपनी सुईणींसमोरच्या भाषणात सांगून टाकलं की गंभीर कारण असेल तर ‘सुरक्षित दिवस’, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता कमी असलेले दिवस, पाळायला हरकत नाही. म्हणजे बघा, मूल नको हा हेतू चालतो, साधन चालत नाही. 1958च्या सप्टेंबरमध्ये रक्ततज्ज्ञांपुढे बोलताना आणखी एक पाऊल, आजारासाठी घेतलेल्या औषधाने गर्भधारणा थांबली तर ती दुय्यम गोष्ट, तेवढ्यावरून औषध निषिद्ध होत नाही. दुहेरी परिणामाचं जुनं तत्त्वच हे, चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचा नको असलेला दुसरा परिणाम चालवून घ्यायचा. गोळी अमेरिकेत 1957पासून पाळीच्या तक्रारींसाठी मिळतच होती, गर्भनिरोधनासाठी तिला मान्यता मिळाली 1960मध्ये.

आणि इथे सगळ्यांचीच पंचाईत झाली. जुने आक्षेप संभोगाच्या कृतीत अडथळा आणण्यावर उभे होते. गोळीत तो अडथळाच नाही, ती हार्मोनच्या जोरावर बीज सुटणं थांबवते, कृती जशीच्या तशी राहते. ती तयार करणाऱ्यांत एक नेमाने मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाणारा कॅथलिक स्त्रीरोगतज्ज्ञ होता आणि त्याचं म्हणणं असं की गरोदरपणात शरीर स्वतःच असल्या हार्मोनने बीज रोखतं, मग आम्ही सुरक्षित काळ थोडा वाढवला तर त्यात अनैसर्गिक काय. मला आजही हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा वाटत नाही.

1963मध्ये पोपनी या प्रश्नावर सहा जणांचा एक आयोग नेमला. ते त्याच वर्षी वारले, पुढच्या पोपनी तो वाढवत वाढवत सत्तरच्या आसपास नेला, त्यात डॉक्टर, लोकसंख्येचे अभ्यासक, धर्मपंडित आणि चक्क लग्न झालेली जोडपीसुद्धा. तेव्हा व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची परिषद चालू होती पण हा विषय तिथून काढून आयोगाकडे दिला गेला. एका जोडप्याने इतर श्रद्धाळू जोडप्यांकडून अनुभव मागवले, त्यात रोज सकाळचा थर्मामीटर, तापमानाचे तक्ते, कॅलेंडरवरच्या खुणा, आणि एवढं करूनही नको असताना राहिलेला गर्भ आणि त्यातून नवरा-बायकोत आलेला ताण. निसर्गाच्या नावाखाली चाललेलं हे सगळं नैसर्गिक मुळीच वाटत नाही असं बायकांनी स्वच्छ लिहिलं होतं. बंदीच्या बाजूने आलेल्यांतल्या काहींचं मत ते वाचून फिरलं.

1966च्या जूनमध्ये आयोगातल्या बिशप आणि कार्डिनलांचं, म्हणजे बिशपांहून वरच्या धर्माधिकाऱ्यांचं, मतदान झालं. गर्भनिरोधन मुळातच पाप आहे का? नऊ म्हणाले नाही, तिघे म्हणाले हो, तिघे तटस्थ. बहुमताचा मुद्दा असा की एकेक कृती नका तपासू, लग्नाचं आख्खं आयुष्य बघा, ते मुलांना खुलं आहे ना. अल्पमताकडे निसर्गनियमाचा भक्कम पुरावा नव्हता, तसं त्यांनी जवळपास मान्यही केलं. त्यांचा खरा मुद्दा वेगळाच होता. आज बदललं तर कबूल करावं लागेल की 1930मध्ये पवित्र आत्मा, म्हणजे चर्चला मार्ग दाखवणारा देवाचा आत्मा, प्रोटेस्टंटांच्या बाजूने होता. म्हणजे वाद गोळीचा राहिलाच नाही, चर्च चुकू शकतं का यावर आला. 1967च्या एप्रिलमध्ये अहवाल पेपरांत फुटला, लोकांनी धरूनच चाललं की परवानगी येणार, बऱ्याच फादरांनी कन्फेशनमध्ये तसं सांगायलाही सुरुवात केली.

25 जुलै 1968 तारखेचं पोपचं पत्र निघालं. नाही म्हणजे नाही. आयोगात एकमत नव्हतं आणि काही निष्कर्ष आजवरच्या शिकवणीशी जुळत नव्हते, असं कारण त्यात दिलंय. पत्राचा कणा एका वाक्यात, प्रेमाचं मीलन आणि संतती हे दोन अर्थ माणसाने एकमेकांपासून तोडायचे नाहीत, आणि तेही प्रत्येक कृतीत. अमेरिकेत धर्मपंडितांनी जाहीर विरोधाच्या पत्रकावर सह्या केल्या, कॅनडाच्या बिशपांनी सप्टेंबरमध्ये म्हटलं की प्रामाणिकपणे विचार करून वेगळं ठरवणाऱ्याने आपली सद्सद्विवेकबुद्धी स्वच्छ आहे असं समजावं. ही फट नंतर कधी बुजलीच नाही. असंख्य कॅथलिक जोडप्यांनी पत्राकडे दुर्लक्ष केलं आणि चर्चमध्ये जात राहिली.

सद्गुणांचं पुनरागमन याच काळातलं. कर्तव्य-कर्तव्य करत बसलेलं आधुनिक नीतिशास्त्र बाजूला ठेवा, आधी मानसशास्त्र नीट समजून घ्या असं इंग्लंडमधल्या एका कॅथलिक तत्त्वज्ञ बाईंनी 1958मध्येच लिहिलं होतं. सद्गुणवाले म्हणजे सुधारणावाले असं समजून चालणाऱ्यांसाठी सांगतो, याच बाईंनी 1970च्या दशकात 1968च्या बंदीची जोरदार पाठराखण केली.

मग 25 जुलै 1978, पत्राला बरोबर दहा वर्षं, आणि इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. 1968चं तेच वाक्य आता उलट्या बाजूने लागू झालं. तिथे मुलाशिवाय मीलन नको होतं, इथे मीलनाशिवाय मूल नको, व्हॅटिकनच्या 1987च्या सूचनापत्रात हेच आहे. 2008च्या सूचनापत्रात गोठवलेले भ्रूण आणि स्टेम सेल (ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात त्या मूळ पेशी) हे विषय आले, आणि गोठवून पडलेल्या भ्रूणांचं करायचं काय यावर तर न्याय्य मार्ग दिसत नाही असंच लिहावं लागलं. पोपच्या 1993च्या पत्राने ‘मुळातच वाईट कृती’ हा विचार आणखी आवळला होता, 2016च्या पत्राने उलट विवेकाला आणि एकेकाच्या परिस्थितीला जागा दिली, दोन्ही पत्रं आज एकत्रच वाचली जातात आणि ज्याला जे हवं ते तो उचलतो.

गंमत म्हणजे ज्या हँडबुकांना सगळे हसायचे तीच कोविडमध्ये कामाला आली. काही लशींच्या संशोधनात आणि उत्पादनात 1970-80च्या दशकांतल्या गर्भपातांतून मिळालेल्या पेशींची वंशावळ, म्हणजे त्यांच्यापासून लॅबमध्ये वाढवत आणलेल्या पेशी, वापरली होती. दुसऱ्याच्या पापात आपला सहभाग किती जवळचा किती लांबचा याची कन्फेशनवाल्यांनी शेकडो वर्षं घासून केलेली वर्गवारी काढली गेली, आणि व्हॅटिकनच्या 21 डिसेंबर 2020च्या टिपणात निर्वाळा आला की दुसरा पर्याय नसेल तर लस घ्यायला हरकत नाही, सहभाग फार लांबचा आहे. सक्ती नको असंही त्यात होतं, पण लगेच पुढे, जो विवेकाचं कारण देऊन नाकारेल त्याने आपल्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून बाकी सगळी काळजी घेतलीच पाहिजे. नाकारणाऱ्यांनी पहिला भाग भरपूर शेअर केला.