रजिस्ट्री झाली म्हणून विकणारा सुटत नाही

'रजिस्ट्री झाली, आता भेगाही तुमच्याच' हे घर विकत घेणाऱ्याला परभणी-नांदेडकडे सर्रास ऐकवतात. चूक आहे ते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 म्हणतं, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष लपवणं ही फसवणूकच. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. ती पुट्टीनं बुजवली असेल तर बाजू तुमची. उघडी दिसत होती, तर नाही. विकणाऱ्याला माहिती होती हे मात्र तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून पुट्टी खरवडण्याआधी फोटो काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या, मगच वकिलाची नोटीस. बिल्डरचा, रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमन कायद्याखाली नोंदलेला फ्लॅट असेल तर ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष कळवा. 30 दिवसांत फुकट दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक आहे.