फँटसी बेसबॉलमधील वादग्रस्त ट्रेड

फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ जमवून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ; संघ जमवणारा तो मालक. अशा लीगमध्ये दोन मालकांनी आपसात केलेली खेळाडूंची अदलाबदल बाकीच्यांना उघड एकतर्फी किंवा साटेलोट्याची वाटली, की तो ट्रेड वादग्रस्त ठरतो. तो मंजूर करायचा की मोडीत काढायचा, यावर अमेरिकेतल्या मित्रमंडळींच्या लीगमध्ये दर हंगामात खडाजंगी होते. वाद जवळपास नेहमी खेळाडूंच्या किमतीवरून पेटतो. निवाडा मात्र हेतूवर व्हायला हवा, आणि नेमके हेच भांडणाच्या भरात मागे पडते.

मालकी आणि गुण

मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या ड्रीम११सारख्या खेळात एकच फलंदाज असंख्य संघांत असू शकतो, त्यामुळे तिथे ट्रेडचा प्रश्नच येत नाही. हंगामभर चालणाऱ्या अमेरिकी लीगमध्ये एक खेळाडू एका वेळी एकाच मालकाचा असतो. दुसऱ्याला तो हवा असेल तर मोबदला द्यावा लागतो, आणि वादाचे मूळ त्या मोबदल्यात असते.

या खेळाचा आजचा साचा डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये १९८० साली बसवला. ही मंडळी ला रोटिसरी फ्रान्सेझ या रेस्टॉरंटमध्ये भेटत, त्यावरून ‘रोटिसरी’ हे नाव पडले. आता सर्रास ‘रोटो’ म्हणतात. हंगामाआधी खेळाडूंचा लिलाव होतो. त्यात प्रत्येक मालकाकडे २६० डॉलर आणि भरायला २३ जागा. आज रूढ असलेल्या पद्धतीत फलंदाजीचे पाच आणि गोलंदाजीचे पाच असे आकडेवारीचे दहा विभाग (होम रन, स्टोलन बेस, सेव्ह वगैरे) असतात. १२ संघांच्या लीगमध्ये प्रत्येक विभागात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. हे गणित पक्के समजले नसेल तर कोणताही ट्रेड शंकास्पद वाटू शकतो.

किमतीचा वाद

समजा, जुलैच्या मध्याला एका मालकाने नावाजलेला क्लोजर (सामन्याच्या शेवटी आघाडी राखणारा गोलंदाज; राखली की त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’) देऊन जेमतेम फटकेबाजी करणारा, पण बेस चोरण्यात (गोलंदाज चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळण्यात) पटाईत असा आउटफिल्डर घेतला. नावे शेजारी ठेवली तर क्लोजर भारी दिसतो. पण या मालकाकडे ५८ सेव्ह आहेत, दुसऱ्या क्रमांकाकडे ४४, आणि त्याच्याकडे आणखी एक क्लोजर शिल्लक आहे. सेव्हमध्ये त्याची फार तर एक पायरी घसरेल. स्टोलन बेसमध्ये तो ६१ वर नववा आहे आणि त्याच्यापुढचे संघ ६४, ६६, ६९ आणि ७१ वर आहेत. नवा खेळाडू आधीच्यापेक्षा पंधराएक बेस जास्त चोरेल, म्हणजे इतरांची वाढ धरूनही तीन-चार पायऱ्या चढता येतील. एक गुण देऊन तीन-चार गुण घेतले, यात संशयाला जागा नाही. हाच ट्रेड एप्रिलमध्ये झाला असता तर प्रश्न विचारणे रास्त होते, कारण तेव्हा गुणतक्ता तयारच झालेला नसतो.

दोनाला एक या स्वरूपाचे ट्रेड सगळ्यात जास्त चुकीचे वाचले जातात. दोन बरे खेळाडू देऊन एक तारा घेणाऱ्याची एक जागा रिकामी होते, आणि तिची किंमत म्हणजे मोकळ्या, कोणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंमधला उत्तम गडी. १० संघांच्या लीगमध्ये मोकळ्या यादीत चांगले लोक पडलेले असतात, त्यामुळे तारा घेणारा फायद्यात. १५ संघांची लीग असेल, किंवा मूळ रोटिसरीप्रमाणे खऱ्या मेजर लीगच्या दोन शाखांपैकी फक्त नॅशनल लीगचे खेळाडू चालत असतील, तर मोकळी यादी म्हणजे खडखडाट. तिथे दोन रोज खेळणारे फलंदाज एका ताऱ्याला भारी पडतात. दुसऱ्या लीगचा दाखला देऊन तक्रार करणाऱ्याला आधी ती लीग किती संघांची होती हे विचारावे.

हंगामाच्या सुरुवातीचे आकडेही दिशाभूल करतात. फलंदाजाच्या स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे) प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंगला आल्यावर भरवशाचे होऊ लागते. बॅटिंग अॅव्हरेजला (संधींपैकी किती वेळा हिट मिळाला याच्या प्रमाणाला) मात्र जवळजवळ दोन हंगामांएवढा नमुना लागतो. त्यामुळे ०.१९० च्या अॅव्हरेजने रखडलेला मोठा फलंदाज मे महिन्यात विकणे हा बहुधा मूर्खपणा असतो. पण मूर्खपणा हा गुन्हा नव्हे. तुलना करायचीच तर स्टीमर किंवा झिप्ससारख्या प्रणालींचे उरलेल्या हंगामाचे अंदाज घ्यावेत, आजवरची बेरीज नव्हे. तयार ‘ट्रेड व्हॅल्यू’ तक्ते आपल्या लीगच्या विभागांसाठी नसतात, म्हणून त्यांचा पुरावा कच्चा.

एक खास खाचखळगा शोहेई ओतानीचा, कारण तो फलंदाजीही करतो आणि गोलंदाजीही. याहूच्या फँटसी लीगमध्ये फलंदाज ओतानी आणि पिचर (गोलंदाज) ओतानी हे दोन वेगळे खेळाडू आहेत. इतर काही ठिकाणी तो एकच धरला जातो. तोंडी किंवा मेसेजवर ‘ओतानी दिला’ असे ठरवून नंतर भांडणाऱ्यांना कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, दारातूनच परत पाठवावे: प्रणालीत जे नोंदवले तेच खरे.

साटेलोटे कसे ओळखावे

ज्याच्यासाठी व्हेटो, म्हणजे ट्रेड रोखण्याचा अधिकार, आहे तो हा प्रकार. खेळाडू दोन आठवड्यांसाठी ‘उसना’ देऊन परत घेणे. बेसबॉलमध्ये इकडे द्यायचे आणि त्याची फेड फँटसी फुटबॉलच्या लीगमध्ये घ्यायची. बक्षीस वाटून घेण्याच्या बोलीवर एका संघात सगळा माल ओतणे. लीग सोडून चाललेल्या मालकाने जाता जाता मित्राला तारा बहाल करणे. आणि सगळ्यात खुनशी प्रकार म्हणजे स्वतः जिंकणार नाही हे कळल्यावर एखाद्याला पाडण्यासाठीच त्याच्या प्रतिस्पर्ध्याला खेळाडू देणे. यात देणाऱ्याचा स्वतःच्या संघापुरता काहीच लाभ नसतो, आणि खूण तीच आहे.

घरातल्या दोघांचे, एकाच कचेरीतल्यांचे किंवा भावाभावांचे ट्रेड आपोआप संशयास्पद ठरत नाहीत. मात्र त्याच दोघांत एका हंगामात तीन-चार ट्रेड झाले आणि लाभ प्रत्येक वेळी एकाच बाजूला गेला, तर जुनी नोंद उघडून पाहावी.

कीपर लीगमधला ‘डम्प’

खरा गुंता इथे आहे. तळाच्या मालकाने पुढच्या वर्षाच्या आशेवर आजचे महागडे खेळाडू देऊन टाकणे म्हणजे डम्प. कीपर लीगमध्ये काही खेळाडू लिलावातल्याच किंवा थोड्या वाढीव भावाला पुढच्या वर्षी ठेवता येतात. आता जूनमध्ये अकराव्या क्रमांकाच्या मालकाने आघाडीच्या संघाला ४२ डॉलरचा फलंदाज आणि २७ डॉलरचा पिचर देऊन ३ डॉलरचा एक नवखा शॉर्टस्टॉप घेतला असे धरा. नवख्याची पुढच्या लिलावातली किंमत २० डॉलर होईल असा अंदाज असेल, तर त्याला १७ डॉलरची बचत झाली. ४२चा फलंदाज पुढच्या वर्षीही त्याच भावाला मिळणार असल्याने तो ठेवण्यात काही नफा नव्हता. म्हणजे दोन्ही बाजूंचा हिशेब चोख आहे, हेतू स्वच्छ आहे, तरीही या वर्षीची शर्यत नासली: आघाडीच्या संघाने बाकावर बसवलेला एक पोरगा देऊन ६९ डॉलरचा माल उचलला. मग विजेतेपद तळाच्या मालकाला आधी फोन कोणी केला यावर ठरते.

असा ट्रेड व्हेटोने रोखणे चूक, कारण कोणताही नियम मोडलेला नाही. इलाज हंगामाआधी करायचा असतो. हंगामातील एकूण पगाराला (संघातल्या खेळाडूंच्या लिलावभावांच्या बेरजेला) कमाल मर्यादा घालणे हा सगळ्यात परिणामकारक उपाय. ती २६०च्या वर थोडी ढील देऊन, साधारण ३०० ते ३२५ डॉलरच्या आसपास ठेवता येते. मर्यादा फार वर नेली तर ती असून नसल्यासारखी होते. दुसरा उपाय तळाच्या संघांना जबाबदार धरण्याचा: ठरावीक गुणांच्या खाली संपवणाऱ्याच्या पुढच्या वर्षीच्या लिलावाच्या रकमेतून जितके गुण कमी तितके डॉलर कापायचे. ट्रेडची अंतिम तारीख अलीकडे आणणे सोपे, पण त्याने डम्प थांबत नाहीत, फक्त लवकर होतात.

निवाडा

दोन पद्धती रूढ आहेत. मतदानात साधारण एक तृतीयांश मालकांनी विरोध केला की ट्रेड पडतो. १२ जणांत चार मते. ही पद्धत वाईट आहे, कारण मतदार हेच प्रतिस्पर्धी असतात. पहिल्या क्रमांकाचा संघ मजबूत होताना दिसला की दुसरा, तिसरा आणि चौथा डोळे मिटून विरोधात जातात, आणि कारण कोणालाच द्यावे लागत नाही. त्यापेक्षा एका कमिशनरकडे निर्णय आणि कमिशनरच ट्रेडमध्ये असेल तेव्हा आधीच नेमलेला उपकमिशनर, ही व्यवस्था बरी.

कमिशनर हे पद खऱ्या बेसबॉलमधलेच. जून १९७६मध्ये ओकलंड अॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिनली यांनी जो रुडी आणि रोली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरना बोस्टन रेड सॉक्सला, तर व्हायडा ब्लूला १५ लाखांना न्यूयॉर्क यांकीजला विकले. कमिशनर बोवी कून यांनी खेळाच्या हिताचे कारण देऊन हे व्यवहार रद्द केले. फिनली कोर्टात गेले आणि हरले. १९७८मध्ये अपील न्यायालयानेही कमिशनरचा अधिकार उचलून धरला. फँटसी लीगमध्ये हा दाखला मोठ्या आवाजात दिला जातो, पण तिथे मोबदल्यात खेळाडूच नव्हते, निव्वळ पैसा होता.

तक्रार लेखी आणि २४ तासांच्या आत घ्यावी. मग दोन्ही मालकांना वेगवेगळे विचारावे: या ट्रेडने संघाची कोणती अडचण सुटते? आणखी कोणाशी बोलणी झाली? यादीत न दिसणारे काही ठरले आहे का? दोघांकडून पटणारे उत्तर आले तर ट्रेड मंजूर, मग तो कितीही वाकडा दिसो. ‘मी असा ट्रेड केला नसता’ हे कारण निकालात लिहिता येत नाही. आणि ‘मी चांगला भाव दिला असता’ ही तर तक्रारच नव्हे; इतरांना न विचारता विकणे हा आळस आहे.

छाननीची मुदत २४ ते ४८ तास पुरते. ती लांबली की पिचरचे कोपर दुखावते, त्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया म्हणजे वर्षभराहून जास्त विश्रांती, आणि घेणारा मालक हात वर करतो. म्हणून दोघांनी स्वीकारल्या क्षणापासून धोका खेळाडू घेणाऱ्या मालकाचा, असे नियमावलीत आधीच लिहून ठेवावे. बक्षिसाच्या रकमा मोठ्या आणि मालक एकमेकांना अनोळखी असतील तर ट्रेडच बंद ठेवणे शहाणपणाचे. २००४पासून चालणाऱ्या नॅशनल फँटसी बेसबॉल चॅम्पियनशिपमध्ये तो मुळातच नाही.

मंजूर झालेला ट्रेड नंतर उलटवणे जवळपास अशक्य असते. मधल्या दिवसांत झालेल्या होम रन आणि सेव्ह दोन्ही संघांच्या खात्यात जमा झालेल्या असतात, जागा करण्यासाठी सोडलेला खेळाडू तिसऱ्याच मालकाने उचललेला असतो, आणि त्यावर मोकळे खेळाडू घेण्यासाठी असलेल्या १०० डॉलरच्या हंगामी रकमेतून बोली खर्च झालेली असते. साटेलोटे उशिरा सिद्ध झाले, तर खेळाडू परत फिरवण्यापेक्षा दोषी मालकांचे गुण कापून त्यांना लीगबाहेर काढणे सोयीचे पडते.