२४० दिवस भरले म्हणजे ‘परमनंट’?

एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर हा कायदा सगळ्यांना पाठ असतो: २४० दिवस भरले की माणूस कायम. म्हणूनच २३०व्या दिवशी ‘ब्रेक’ मिळतो, हेही त्याच सुरात सांगितलं जातं.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा अर्थ वेगळा होता. बारा महिन्यांत तेवढं काम झालं की एक वर्षाची ‘सलग सेवा’ धरली जाई. मग कामगार कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे संरक्षण आहे. नोकरी कायम होण्याचं वचन मात्र त्यात नाही. सरकारी खात्यांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या उमादेवी निकालात स्पष्टच सांगितलं: नुसती वर्षं काढली म्हणून कायम होता येत नाही.

समज अगदीच हवेतून आलेला नाही. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, २४० दिवस भरलेल्या बदली (दुसऱ्याच्या जागी काम करणाऱ्या) व तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. आपल्याकडे ती सरसकट सगळ्यांना चिकटवली गेली, इतकंच.

दिवस मोजताना पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरा. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलंय. पुराव्याचा पहिला भार मात्र कामगारावर असतो, म्हणून पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचे फोटो जपून ठेवा. शिवाय कायमपणा टाळायलाच वर्षानुवर्षं ब्रेक देत राहणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. खरी तक्रार तिथे करता येते.