सतरंजी पाइपांच्या वर की खाली? जमिनीचे इन्सुलेशन आणि अंडरफ्लोअर हीटिंग

इंग्लंडमध्ये जागा घेऊन स्वतःचे घर बांधायला निघालेली ओळखीची मराठी मंडळी नकाशे घेऊन येतात, तेव्हा तळमजल्याच्या जमिनीपाशी पोहोचताच एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘अंडरफ्लोअर हीटिंग घेतोच आहोत, मग खालच्या इन्सुलेशनवरचा खर्च थोडा कमी करता येईल ना?’ (अंडरफ्लोअर हीटिंग म्हणजे जमिनीत घातलेल्या पाइपांतून गरम पाणी फिरवून घर तापवणे, आणि इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर.) या वाक्याचीच दुसरी बाजू मांडणारे लोकही भेटतात, आणि इन्सुलेशन भरपूर जाड टाकले की जमीन आपोआप उबदार राहील, मग पाइपांचा खटाटोप कशाला, असे ते विचारतात. दोन्ही वाक्ये इतक्यांदा ऐकली आहेत की आता समजावून सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून एकदा सगळे नीट लिहून ठेवणे बरे.

हीटिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण माहितीपत्रके वाचून आलेल्या माणसाला ती बाजू बहुधा माझ्याइतकीच ठाऊक असते. साधारण १६ मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे पाइप १५० ते २०० मिलिमीटर अंतराने नागमोडी किंवा गोलाकार अंथरायचे, एका फेऱ्याची लांबी शंभर मीटरच्या आत ठेवायची, सगळे फेरे मॅनिफोल्डला, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या नळीला, जोडायचे आणि वरून वाळू-सिमेंटचा ६५ ते ७५ मिलिमीटरचा स्क्रीड (पाइप झाकून जमीन सपाट करणारा थर) किंवा त्याहून पातळ, ओतून पसरणारा कॅल्शियम सल्फेटचा स्क्रीड घालायचा. विजेच्या तारांची जाळी हा यातलाच छोटा प्रकार असून तो एखाद्या न्हाणीघरापुरता ठीक असतो. सबंध घर विजेच्या जाळीवर तापवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

इन्सुलेशनच्या साहित्यावरून होणारे वादही मला फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. पीआयआर, एक्सपीएस आणि ईपीएस हे फेसाळ प्लास्टिकच्या पाट्यांचे तीन प्रकार. पीआयआरची उष्णतावाहकता (जितकी कमी तितकी पाटी चांगली) सुमारे ०.०२२, एक्सपीएसची ०.०३३ आणि ईपीएसची प्रतीनुसार ०.०३० ते ०.०३८ असते, म्हणजे १५० मिलिमीटर पीआयआर जे काम करते त्यासाठी साधे ईपीएस २४५ मिलिमीटरच्या आसपास लागते. नवे घर बांधताना आणखी शंभर मिलिमीटर खोल खणायला फारसे काही लागत नसल्यामुळे मी ईपीएस घेईन, आणि जिथे उंची मोजूनमापून मिळते तिथे पीआयआर. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या २०२१ च्या आवृत्तीत नव्या घराच्या जमिनीचे यू-मूल्य (तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून निसटणारे वॅट) ०.१८ पेक्षा जास्त असू नये असे बंधन आहे आणि तुलनेसाठी धरलेल्या नमुना घराचे मूल्य ०.१३ आहे. पुष्कळ लोक यातला पहिला आकडा उद्दिष्ट समजतात. प्रत्यक्षात ती नापास न होण्याची रेषा आहे आणि जमिनीत पाइप घालायचे असतील तर त्या रेषेवर थांबणे मला मुळीच मान्य नाही. त्याचे कारण हाच खरा घोटाळ्याचा मुद्दा आहे.

तो समजायला आपल्याकडची शहाबादी फरशी आठवावी. पुण्याच्या थंडीत पहाटे त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला की अंगावर काटा येतो, पण तिच्यावर रात्रभर अंथरलेल्या सतरंजीवर पाय ठेवला तर तसे होत नाही. सतरंजी आणि फरशी या दोहोंचे तापमान जवळजवळ सारखेच असते. फरक एवढाच की दगड पायातली ऊब झपाट्याने ओढून घेतो आणि कापूस ती हळूहळू घेतो. शेणाने सारवलेली जमीनही याच कारणाने शहाबादीपेक्षा पायाला सौम्य लागते. यातून आपल्या मनात लहानपणापासून एक समीकरण पक्के बसलेले असते, की जमिनीवर काहीतरी मऊ आणि जाड अंथरले म्हणजे ऊब. जमीन थंड असते आणि उष्णतेचा उगम आपले शरीर असते तोवर हे समीकरण बरोबर आहे. जमिनीच्या पोटातच उष्णतेचा उगम ठेवला की मात्र ते उलटते, कारण मग तीच सतरंजी आपण आणि शेगडी यांच्या मध्ये येते.

म्हणजे उष्णतारोध हा एकच गुणधर्म पाइपांच्या खाली असेल तर उपकारक आणि पाइपांच्या वर असेल तर अपायकारक ठरतो. पाइपातल्या पाण्याला वर आणि खाली या दिशा कळत नाहीत. स्क्रीडमध्ये आलेली उष्णता ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला जास्त जाते. खोली वर आहे, आपण वर राहतो, म्हणून उष्णता वरच जाईल, हा समज गरम हवा वर चढते या शाळेतल्या धड्यातून आलेला असावा, पण तो धडा हवेचा आहे; घट्ट स्क्रीडमधून आणि काँक्रीटमधून उष्णता खालच्या दिशेनेही तितक्याच सहजतेने जाते.

एक हिशोब करून पाहू. कडाक्याच्या थंडीत खोली २० अंशांवर ठेवण्यासाठी दर चौरस मीटरला ५० वॅट लागतात आणि वर १४ मिलिमीटरचे इंजिनिअर्ड लाकूड (थर चिकटवून बनवलेले) आहे, असे धरू. रोध म्हणजे चौरस मीटरमधून एक वॅट पुढे जायला तापमानात जितक्या अंशांचा फरक लागतो तो आकडा. लाकूड, पाइपांवरचा स्क्रीड आणि पृष्ठभागावरची हवा मिळून वरच्या बाजूचा रोध साधारण ०.२१ होतो, म्हणून पाइपांचा थर सुमारे ३० अंशांवर ठेवावा लागतो. खालची माती १० अंशांची धरली तर खाली २० अंशांचा उतार, म्हणजे तापमानाचा फरक, मिळतो. तिथे फक्त २५ मिलिमीटर ईपीएस असेल तर त्याचा रोध जेमतेम ०.७ असतो, आणि वर ५० वॅट पाठवताना सुमारे २९ वॅट मातीत जातात. त्याच जागी १५० मिलिमीटर पीआयआर असेल तर रोध ६.८ होतो आणि मातीत जाणारी उष्णता ३ वॅटवर येते. ८० चौरस मीटरच्या तळमजल्यावर हा फरक दोन किलोवॅटपेक्षा जास्त भरतो. मातीचा स्वतःचा रोध मी धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी येतील, पण दोन्ही पर्यायांमधली तफावत त्याने पुसली जात नाही.

आता याच घरात पाइप न घालता रेडिएटर लावले असते तर काय झाले असते हे पाहावे. जमिनीचा वरचा भाग फार तर खोलीइतका, म्हणजे २० अंशांचा राहिला असता आणि मातीकडे १० अंशांचा उतार मिळाला असता. याचा अर्थ, इन्सुलेशन तेच ठेवून जमिनीत पाइप घातले की मातीत जाणारी उष्णता जवळपास दुप्पट होते. अंडरफ्लोअर हीटिंगमुळे इन्सुलेशनची गरज कमी होते असे म्हणणाऱ्याला मी हीच आकडेमोड कागदावर करायला लावतो.

दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे जाड इन्सुलेशनने जमीन गरम होईल असे मानणाऱ्यांचे उत्तर यापेक्षा सोपे आहे. इन्सुलेशन उष्णता निर्माण करत नाही. त्याच्यामुळे जमीन खोलीच्या तापमानाच्या जवळ येते, २० अंशांच्या खोलीत १९ अंशांच्या पुढेमागे राहते, आणि १९ अंशांची लादी साधारण ३० अंशांच्या तळपायाला थंडच लागते. एवढे चालत असेल तर पाइपांचा खर्च वाचवून मोजे घालावेत. हा पर्याय मी थट्टेने सुचवत नाही, कारण चांगल्या इन्सुलेशनच्या छोट्या घरात दोन-तीन रेडिएटर पुरतात.

यापुढची गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना चकवते. पाइप आहेत आणि इन्सुलेशनही उत्तम आहे, अशा घरातली जमीन हाताला विशेष गरम लागत नाही. जमिनीचा पृष्ठभाग खोलीपेक्षा जितके अंश जास्त तापलेला असेल त्याच्या सुमारे अकरा पट वॅट दर चौरस मीटरमधून खोलीला मिळतात. ५० वॅटची गरज भागवायला पृष्ठभाग साडेचोवीस अंशांचा पुरतो, आणि हिवाळ्यातल्या नेहमीच्या दिवशी २०-२२ वॅट लागत असतील तर २२ अंशांचा. राहत्या खोल्यांसाठी २९ अंशांची जी कमाल मर्यादा युरोपीय मानकात दिलेली आहे तिच्या जवळपासही अशा घराला कधी जावे लागत नाही. तरीही नव्या घरात राहायला गेलेली मंडळी पहिल्याच डिसेंबरमध्ये जमिनीला हात लावून ‘बिघडले वाटते’ म्हणून फोन करतात आणि कोणीतरी येऊन पाण्याचे तापमान वाढवून जातो. मग खोली तापते, खिडक्या उघडल्या जातात आणि थर्मोस्टॅटवर खापर फुटते. हॉटेलच्या न्हाणीघरातल्या लादीची ऊब डोक्यात ठेवून घराची जमीन तपासणे थांबवावे, एवढीच माझी विनंती आहे.

वरच्या बाजूच्या सतरंजीचा हिशोबही याच रीतीने होतो. चौरस मीटरमागे ५० वॅट वर न्यायचे असतील तर १० मिलिमीटरच्या लादीतून जाताना अर्ध्या अंशापेक्षाही कमी तापमान खर्ची पडते, १४ मिलिमीटरच्या लाकडातून ४ अंश, आणि गालिचा व त्याखालचा अस्तर मिळून अडीच टॉगचे होत असतील तर साडेबारा अंश. टॉग हे इथल्या दुलयांवर छापलेले तेच माप आहे आणि १ टॉग म्हणजे ०.१ एवढा रोध. जे माप दुलईची ऊब सांगते त्याच मापात गालिच्याची अडवणूक मोजली जाते, यावरूनच खरे तर सगळे लक्षात यायला हवे. पुरवठादारांच्या मार्गदर्शिकांत अडीच टॉगपर्यंत चालते असे लिहिलेले असते. चालते हे खरे, पण त्यासाठी पाणी तितके जास्त तापवावे लागते, आणि पाण्याच्या तापमानात एका अंशाची वाढ झाली की हीट पंपाची (बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणाऱ्या यंत्राची) कार्यक्षमता ढोबळ मानाने २ ते ३ टक्क्यांनी घसरते. गॅस बॉयलरच्या काळात हे कोणाला जाणवत नसे. हीट पंप लावून त्यावर जाड गालिचा पसरणाऱ्याने अंडरफ्लोअर हीटिंगवर पैसे का घालवले, हे मला अजून उमगलेले नाही. माझी पसंती लादीला, त्यानंतर पातळ इंजिनिअर्ड लाकडाला; गालिचा वरच्या मजल्यावर झोपायच्या खोलीत खुशाल असावा.

दोन वस्तूंची नावे या घोळात आणखी भर घालतात. पहिली म्हणजे चंदेरी फॉइल. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो हे खरे, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची पोकळी लागते. स्क्रीड आणि बोर्ड यांच्यात चेपून बसलेल्या फॉइलसमोर पोकळीच नसते, त्यामुळे परतवण्यासारखे काहीही उरत नाही आणि मिलिमीटरभर जाडीचा फॉइल शंभर मिलिमीटर इन्सुलेशनची बरोबरी करतो हा दावा तिथे निरर्थक ठरतो. उलट ओल्या सिमेंटमुळे उघडे ॲल्युमिनियम खराब होते, म्हणून पीआयआरवर पॉलिथिन अंथरूनच स्क्रीड ओतायचा असतो. लाकडी तुळयांच्या जमिनीत पाइपांखाली बसवतात त्या ॲल्युमिनियमच्या पन्हळी पट्ट्या दिसायला याच जातीच्या, पण त्यांचे काम उष्णता पसरवण्याचे असते आणि ते त्या चोख करतात.

दुसरी वस्तू म्हणजे विजेच्या जाळीबरोबर मिळणारा ६ किंवा १० मिलिमीटरचा ‘इन्सुलेशन बोर्ड’. दहा मिलिमीटरच्या बोर्डाचा रोध ०.३ च्या आसपास असतो. खालचा थंड स्लॅब तापवण्यात वेळ न जाता लादी लवकर तापावी यासाठी तो असतो आणि तेवढ्यापुरता उत्तम असतो, पण त्याला जमिनीचे इन्सुलेशन समजून खालचा थर गाळणाऱ्यांची दोन घरे मी पाहिली आहेत आणि दोन्हीकडे हिवाळ्याची बिले पाहून पुढच्या वर्षी जाळी बंद ठेवलेली होती.

शेवटी कडांचे. घराखालच्या मातीचा मधला भाग काळाच्या ओघात थोडाफार उबदार होतो, पण परिघापाशी उष्णतेला बाहेरच्या हवेपर्यंत जवळची वाट मिळते. म्हणून तापणाऱ्या स्क्रीडची बाजूची कड भिंतीपासून इन्सुलेशनच्या उभ्या पट्टीने तोडलेली असावी लागते. बाहेरच्या भिंतींलगत मी २५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची पट्टी मान्य करत नाही. स्क्रीड प्रसरण पावतो तेव्हा त्याला जागा मिळावी यासाठी असलेली फेसाची पातळ पट्टी निराळी आणि तिने इन्सुलेशनचे काम भागत नाही, पण जागेवर काम करणारे लोक दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि एक लावली की दुसरी लागली असे समजतात.

माझ्या स्वतःच्या घरात हेच झाले. स्क्रीड ओतण्याच्या दिवशी मी दुपारी पोहोचलो तोवर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, साधारण दोन मीटरच्या टप्प्यात, जाड पट्टी बसवायची राहून गेली होती आणि तिथे नुसता पातळ फेस होता. ‘आतमध्ये काही दिसणार आहे का?’ असे मला विचारण्यात आले. आतून खरोखरच काही दिसत नाही. बाहेर मात्र जानेवारीत सगळ्या फरसबंदीवर पांढरे दहिवर गोठलेले असते आणि त्या दारापाशी भिंतीलगत दोन मीटर लांबीची ओली काळी पट्टी असते.